जुन्या फोर बाय फोरचं तेलपाणी : गिअरबॉक्समध्ये नक्की काय ओतायचं?

कच्चा_रस्ता | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, लँड रोव्हर सीरिज ३ घेऊन चार महिने झाले. आखूड चेसिसची, ८८ इंची, २.२५ लिटरचं डिझेल इंजिन. आधीच्या मालकाने कधी काय ओतलं याची कुठेच नोंद नाही, म्हणून घेतल्या घेतल्या सगळी ऑईल एका दिवसात बदलून टाकली. इंजिनात १५डब्ल्यू-४०. बाकी सगळीकडे, म्हणजे गिअरबॉक्स, ट्रान्सफर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा), पुढचं-मागचं डिफरन्शियल, एकच ८०डब्ल्यू-९० जीएल-५. म्हटलं, जीएल हा गिअर ऑईलचा दर्जा, मग जीएल-५ म्हणजे जीएल-४ पेक्षा भारीच असणार.

आता तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना खर्रकन आवाज येतो. आधी येत नव्हता असं नाही, पण सकाळी पहिल्या दोन-तीन वेळाच यायचा. आता दिवसभर. मेकॅनिक म्हणतो, "१४० घाला, गप्प बसेल." इंजिनातही २०डब्ल्यू-५० घाला म्हणतो, कारण काय तर इंजिन जुनं. घालू का?

लो_रेंज | सोमवार, रात्री १०:०५

१४० अजिबात नको. गप्प बसेल हे खरं, पण दुखणाऱ्या दातावर लवंग ठेवल्यासारखं. सिंक्रोची रिंग गिअरच्या शंकूसारख्या भागावर घासून त्याचा वेग जुळवते. त्यासाठी मधलं तेल झटकन बाजूला व्हावं लागतं. तेल जितकं जाड तितका वेळ जास्त, आणि तेवढ्यात तुम्ही दांडी ढकललेली असते. थंड सकाळी १४० घातलेल्या बॉक्समध्ये दुसरा गिअर टाकून बघा, हात दुखेल.

तुमचं दुखणं बहुतेक जीएल-५ चं आहे. तुमच्या बॉक्समध्ये सिंक्रोच्या रिंगा पितळी जातीच्या आहेत. १९७१ साली सीरिज ३ आली तेव्हा पुढच्या चारही गिअरांना सिंक्रो मिळाला, त्याआधीच्या २ए मध्ये फक्त तिसऱ्या-चौथ्याला होता. कंपनीच्या पुस्तकात या बॉक्ससाठी ईपी ९० लिहिलेलं आहे. आजच्या भाषेत त्याला सगळ्यात जवळचं म्हणजे ८०डब्ल्यू-९० जीएल-४. काढा आणि ते भरा.

निवांत_डिझेल | सोमवार, रात्री १०:५०

झालं सुरू जीएल-४, जीएल-५. बारा वर्षं माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सात जीएल-५ आहे. पितळ वितळलं नाही, गिअर अडकले नाहीत. कुठेतरी वाचलं की लोक घाबरून नवीन तेल ओतून देतात. आवाज येतोय तर सिंक्रो झिजलाय. गाडी चाळीस-पन्नास वर्षांची आहे साहेब, तिचेही गुडघे दुखणारच.

पाना_तेरा | मंगळवार, सकाळी ७:१५

मी वंगणांच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून जरा लांबड लावते.

जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची 'एक्स्ट्रीम प्रेशर' रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. ती लागतात हायपॉइड डिफरन्शियलसाठी. तिथे पिनियन (छोटा गिअर) क्राऊनच्या (मोठ्या गिअरच्या) मध्यरेषेखाली बसलेला असतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतात. दाबाखाली तेलाचा थर फाटतो, तेव्हा ही रसायनं लोखंडाशी संयोग पावून एक बलिदानी थर बनवतात. दाताऐवजी तो थर झिजतो.

हेच गंधक तांब्याच्या मिश्रधातूंना काळं पाडू शकतं. आम्ही तपासतो ते असं: तांब्याची घासून चकचकीत केलेली पट्टी गरम तेलात बुडवून ठेवायची, गिअर ऑईलला १२१ अंशांवर तीन तास. मग रंग ठरलेल्या तक्त्याशी ताडायचा. १ए म्हणजे जवळपास नवी पट्टी, ४सी म्हणजे कोळसा. जीएल-५ ला ३ पर्यंत मुभा आहे. म्हणजे एखादं जीएल-५ पट्टीला जेमतेम पिवळसर करेल आणि दुसरं चांगलं गडद करेल, आणि डब्यावर दोघांचंही नाव सारखंच. निवांतरावांचा बारा वर्षांचा अनुभव म्हणूनच खोटा नाही. त्यांना सौम्य तेल मिळालं असेल, शिवाय त्यांचा गिअरबॉक्स १२१ अंशांना क्वचितच पोचत असेल.

पण खर्रकन आवाजाचा संबंध या काळं पडण्याशी नाही. ते काम वर्षांचं आहे, आठवड्यांचं नव्हे. लगेच येणारा आवाज घर्षणामुळे असतो. रिंगला घासायचं असतं आणि ही रसायनं तिला नीट घासू देत नाहीत. क्लच प्लेटला तेल लागल्यावर जे होतं तेच, छोट्या प्रमाणात.

तेल काढाल तेव्हा गाळून बघा. आणि काढण्याआधी प्रत्येक बॉक्सची पातळी तपासा. हे फार लोक करत नाहीत.

डबल_क्लच | मंगळवार, सकाळी ९:३०

ताई, छान समजावलंत. माझा एक बाळबोध प्रश्न. ९० हे ५० पेक्षा जाड ना? मग गिअरबॉक्सात इंजिनचं २०डब्ल्यू-५० घालणारे लोक गाडीची वाट लावतात का?

पाना_तेरा | मंगळवार, सकाळी १०:१०

नाही, आणि या प्रश्नावर मोठमोठे फसतात. दोन वेगळ्या फूटपट्ट्या आहेत. इंजिन ऑईलचा ४० म्हणजे १०० अंशांवर १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक (तेलाच्या जाडीचं माप), ५० म्हणजे १६.३ ते २१.९. गिअर ऑईलचा ९० म्हणजे १३.५ ते १८.५. म्हणजे ९० चं गिअर ऑईल जाडीला ४०-५० च्या इंजिन ऑईलइतकंच. फरक आत मिसळलेल्या रसायनांचा. काही जुन्या गिअरबॉक्सांच्या पुस्तकात सरळ इंजिन ऑईलच लिहिलेलं असतं, आणि ती चूक नसते.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. १५डब्ल्यू आणि २०डब्ल्यू यांतला फरक चालू गाडीत कळत नाही, सकाळी स्टार्टर मारताना कळतो.

लाल_तेल | मंगळवार, दुपारी १:२०

एक वेगळीच भर. माझी लँड रोव्हर वन टेन, एलटी७७ गिअरबॉक्सवाली. तिच्या गिअरबॉक्सात ९० नाहीच, एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आहे, डेक्सरॉन २. पॉवर स्टिअरिंगमध्ये असतं ते लाल, पाण्यासारखं. आणि तिच्या पाठीलाच चिकटलेला एलटी२३० ट्रान्सफर मात्र ईपी ९० मागतो. एकाच नटाच्या रांगेवर जोडलेले दोन डबे, दोन तेलं. मला गाडी मिळाली तेव्हा दोन्हींत ९० होतं. सकाळी दुसरा गिअर टाकायला देवाला हाक मारावी लागे. एटीएफ घातल्यावर आठवड्याभरात हातातली गाडीच बदलल्यासारखं वाटलं.

त्यामुळे "जुनी गाडी आहे, ९० घाल" हे वाक्य कोणी म्हटलं की मी आधी विचारतो, बॉक्सचा नंबर काय? सुझुकीच्या एसजे मालिकेत (जिप्सी, सामुराई त्याच घरातल्या) गिअरबॉक्सला ७५डब्ल्यू-९० जीएल-४, पण डिफरन्शियल हायपॉइड, तिथे जीएल-५. विलीजच्या टी-९० गिअरबॉक्सात आणि त्याच्या मागच्या ट्रान्सफरमध्ये तर तेल एकमेकांत फिरायलाच वाट ठेवली आहे. तिथे एकाचं तेल बदलून दुसऱ्याचं तसंच ठेवलं तर काहीच बदललं नाही असं समजा.

तुमची पातळी तपासताना माझा अनुभव लक्षात ठेवा. माझ्या ट्रान्सफरच्या प्लगमधून एकदा गुलाबी तेल आलं. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफरच्या मधलं सील गेलं होतं. रंग वेगळे होते म्हणून कळलं. तुमच्याकडे दोन्हींत एकच तेल, तुम्हाला रंगावरून कळणार नाही.

कच्चा_रस्ता | बुधवार, रात्री ११:२०

लाल_तेल यांना साष्टांग नमस्कार. आज गाडी फिरवून तेल गरम केलं आणि खाली घुसलो. (भरायचा प्लग आधी सोडवला, काढायचा नंतर. हे इथल्याच एका जुन्या धाग्यात वाचलं होतं. भरायचा प्लग गंजून बसलाय हे तेल काढून टाकल्यावर कळलेल्यांच्या कहाण्या वाचून शहारलो होतो.)

गिअरबॉक्सच्या पातळीच्या प्लगमध्ये करंगळी घातली, कोरडी. करंगळी खाली वाकवली, तरी कोरडी. ट्रान्सफरचा प्लग नुसता दोन आटे सैल केला तर कोपरापर्यंत धार.

मोजून काढलं. पुस्तकाप्रमाणे गिअरबॉक्सात दीड लिटर, ट्रान्सफरमध्ये अडीच. मी तेवढंच भरलं होतं. आज गिअरबॉक्समधून निघालं जेमतेम ७०० मिली, ट्रान्सफरमधून ३.१ लिटर. म्हणजे गिअरबॉक्सचं तेल मागच्या खोलीत राहायला गेलंय. एकूण चारातले दोनशे मिली कुठे गेले तो हिशेब लागत नाही, खाली ठिबकलं असेल.

गिअरबॉक्सचं तेल जुन्या सुती कापडातून गाळलं. उन्हात धरलं तर सोनेरी चकाकी, जशी लग्नाच्या पत्रिकेवर असते तशी. चुंबक लावला, चिकटली नाही. चुंबकाच्या प्लगवर मात्र करडा लोण्यासारखा लेप होता.

पाना_तेरा | गुरुवार, सकाळी ६:५०

करडा लेप चालेल, ती लोखंडाची रोजची झीज. बोटात घेऊन चोळा. कण टोचले किंवा दाताचा तुकडा दिसला तर बॉक्स उघडा. सोनेरी म्हणजे पितळ किंवा ब्राँझ, म्हणजे सिंक्रोच्या रिंगा किंवा बुश-वॉशर. थोडी चकाकी जुन्या बॉक्सात असतेच. पण ७०० मिलीवर चाललेल्या बॉक्समध्ये वरच्या शाफ्टवर तेल उडणार कुठून? रिंग कोरडीच घासत होती.

आता जीएल-४ भरा, आणि ट्रान्सफरमध्येही तेच. मधलं सील गेलेलं असताना दोन वेगळी तेलं ठेवण्यात अर्थ नाही.

निवांत_डिझेल | गुरुवार, सकाळी ८:००

म्हणजे तेलाचा दोष नव्हताच, तेल नव्हतं हा दोष होता. मी काही बोलत नाही.

लो_रेंज | गुरुवार, सकाळी ८:१५

बोललात की.

तेलटाकी | गुरुवार, सकाळी ११:३०

इंजिनाचं राहिलं की राव. १५डब्ल्यू-४० वरून हलू नका. डिझेलचंच तेल घ्या, सीएच-४ किंवा सीआय-४ लिहिलेलं. हल्ली जुन्या इंजिनवाल्यांत झिंकची फार भीती घातली जाते. झेडडीडीपी म्हणजे झिंक-फॉस्फरसचं झीजविरोधी रसायन. नव्या पेट्रोल तेलांत ते कमी केलं, कारण फॉस्फरसने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो. एसएम, एसएन दर्जात ०.०८ टक्के ही कमाल मर्यादा आली. पण ती ३० आणि त्याखालच्या पातळ ग्रेडना आहे, १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० ला नाही, हे कोणी सांगत नाही.

सपाट टॅपेट (कॅमच्या धक्क्याने व्हॉल्व्ह उघडणारे भाग) कॅमवर घासतात त्या इंजिनांना ही काळजी रास्त आहे. रोव्हरच्या व्ही८ वाल्यांनी जरूर डबा वाचून घ्यावा. पण तुमच्या २.२५ मध्ये टॅपेटखाली रोलर आहेत! कॅमवर ते लोळतात. झिंकच्या बाटल्या ओतणं म्हणजे रेनकोट घालून अंघोळ.

२०डब्ल्यू-५० चं म्हणाल तर ऑईल प्रेशर गरम इंजिनावर, आयडलला किती राहतं ते बघा. नीट राहत असेल तर जाड तेल कशाला? नसेल राहत तर बेअरिंग नाहीतर पंप बघायचा. जाड तेलाने गेजचा काटा वर जातो, पण सकाळी पहिल्या काही सेकंदांत वरपर्यंत तेल पोचायला उशीर होतो, आणि झीज तिथेच होते. तेल खाणाऱ्या दमलेल्या इंजिनाला मी स्वतः २०डब्ल्यू-५० घातलंय, नाही म्हणत नाही. ती कुबडी होती हे माहीत असून घातलं.

डबल_क्लच | गुरुवार, दुपारी ४:१०

सिंथेटिक घातलं तर सील गळतात हे खरं का? आणि माझं तेल बदलल्यावर तिसऱ्या दिवशी काळं झालं, तेल बनावट असेल का?

तेलटाकी | गुरुवार, संध्याकाळी ६:००

तिसऱ्या दिवशी काळं म्हणजे तेल काम करतंय. जुन्या डिझेलची काजळी ते उचलून स्वतःत तरंगत ठेवतं. काळं व्हायला घाबरू नका, पातळी वाढायला घाबरा. डिपस्टिकवर तेल आपोआप चढत असेल तर ती लक्ष्मी नव्हे. यांत्रिक फ्यूएल पंपाचा पडदा फाटला की डिझेल इंजिनाच्या तेलात उतरतं. दोन बोटांत चोळून वास घ्या, कळतं.

सिंथेटिक सील खात नाही. पण वर्षानुवर्षं गाळ साचून बुजलेल्या भेगा चांगलं तेल धुऊन काढतं आणि जुनी गळती उघडी पडते. ज्या इंजिनाचा इतिहास माहीत नाही त्यात साधं मिनरल घालून पहिल्या दोन बदल्या लवकर करा. गाळ सावकाश सुटू दे. एकदम सुटला की स्ट्रेनरची जाळी बुजते.

आणि एअर क्लीनर? सीरिजमध्ये तो तेलाच्या वाटीचा आहे, त्यातही इंजिन ऑईलच लागतं. खुणेच्या वर भरू नका. जास्त भरलं तर डिझेल इंजिन ते ओढून घेतं आणि चावी बंद करूनही पळत सुटतं. ते एकदा पाहिलेला माणूस दोनदा मोजतो.

लो_रेंज | शुक्रवार, सकाळी ७:४०

डिफरन्शियल कुणीच विचारेना, म्हणून सांगतो. ८८ इंचीत दोन्ही डिफरन्शियल रोव्हरची, स्पायरल बेव्हल. हायपॉइड नाहीत. त्यात जीएल-५ आहे तर राहू द्या, बिघडत नाही, पण तिथे ती सक्ती नाही. लांब चेसिसच्या १०९ मध्ये मागे सॅलिस्बरी बनावटीचं डिफरन्शियल असेल तर ती हायपॉइड. तिथे जीएल-४ घालून पैसे वाचवू नका, दात सोलून निघतील.

ब्रीदर (हवा ये-जा करायचं छिद्र) मात्र आजच बघा. गाडी तापली की हाऊसिंगमधली हवा फुगते. ब्रीदर मातीने बुजला असेल तर ती सील ढकलून बाहेर येते आणि तेल ब्रेक ड्रममध्ये. उलटंही होतं. तापलेलं हाऊसिंग ओढ्यात घातलंत की एकदम थंड होऊन आत पोकळी होते, आणि तीच सील पाणी आत ओढतात. दुसऱ्या दिवशी प्लग उघडला तर तेल नाही, दुधाळ फेस. असं तेल त्याच दिवशी काढायचं, "पुढच्या सर्व्हिसला बघू" नाही.

पुढच्या चाकांना फ्री व्हील हब (चाक शाफ्टपासून सोडवता येणारे) असतील तर अधूनमधून लॉक करून थोडं चालवा. हब मोकळे असले की आतला शाफ्ट फिरत नाही, तेल उडत नाही, आणि वरची स्विव्हल पिन (जिच्यावर पुढचं चाक वळतं ती) कोरडी बसते.

कच्चा_रस्ता | पुढचा रविवार, रात्री ८:३०

हालहवाल. दोन्हींत ८०डब्ल्यू-९० जीएल-४ भरून तीनशे किलोमीटर झाले. दुसरा गिअर आता फक्त सकाळी पहिल्या दोन किलोमीटरांत कुरकुरतो, नंतर लोण्यात सुरी. तीनशे किलोमीटरांत गिअरबॉक्सची पातळी करंगळीच्या पहिल्या पेराइतकी उतरली आहे, म्हणजे सील बदलणं अटळ. तोवर दर आठवड्याला ट्रान्सफरमधून जादाचं काढून गिअरबॉक्सात भरायचं असं ठरवलंय.

म्हणजे लो_रेंज जिंकले का निवांतराव?

पाना_तेरा | रविवार, रात्री ९:०५

कोणीच नाही. तुम्ही एका वेळी दोन गोष्टी बदलल्यात, तेलाची जात आणि तेलाची पातळी. श्रेय कोणाला ते आता कोणी सांगू शकत नाही. प्रयोगशाळेत असं केलं असतं तर माझी खरडपट्टी निघाली असती.

निवांत_डिझेल | रविवार, रात्री ९:२०

मी बरोबरी मान्य करतो. पण ते दोनशे मिली अजून मला छळतायत. खाली ठिबकलं असतं तर जमिनीवर थारोळं दिसलं असतं. क्लच हाऊसिंगच्या तळाला पाहिलंत का? तिथे एक भोक असतं. पाण्यात उतरताना त्याला वेडिंग प्लग लावायचा आणि बाहेर आल्यावर काढायचा. काढायचं लोक विसरतात.

कच्चा_रस्ता | सोमवार, सकाळी ७:५५

प्लग लावलेलाच होता. रंगाखाली गाडला गेला होता, म्हणजे किती वर्षांपासून कोण जाणे. सैल केला आणि पेल्यात धरलं. आधी थोडं काळं, मग पिवळट, गंधकाच्या वासाचं. माझंच जीएल-५. पेला भरून वर दोन बोटं.

क्लच सोडताना गाडी थरथरते त्यासाठी मी वेगळा धागा काढणार होतो. आता आधी प्लग न लावता आठवडाभर चालवून बघतो.